बुप्फाची एकच लाथ

"पोरगी पास कशी होत नाही ते मीच बघते!" असं बुप्फाने सकाळीच अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. उद्या लेकीचा, फाइचा, गणिताचा पेपर. अन्वस्त आणि कलन, म्हणजे वक्ररेषा आणि त्यांचे उतार. निम्म्याहून कमी गुण पडले तर ताक्रॉच्या, म्हणजे पायाने खेळायच्या व्हॉलीबॉलच्या, संघातून नाव कट, असं सरांनी बजावलेलं. आणि ही घोडी ताक्रॉचा वेताचा चेंडू पायाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर बडवत होती. फळीवरची भांडी थरथरत होती आणि बुप्फाचं डोकंही.

तिने चेंडू जप्त केला. अंगणातल्या खांबावर वास्तुदेवतेचं चिमुकलं घर होतं, त्यापुढे नैवेद्य म्हणून लाल सरबताची बाटली नळी खोचून ठेवली आणि लेकीसमोर ठाण मांडलं. बुप्फाची शाळा सातवीतच सुटलेली. पण रागाला कुठे पदवी लागते?

गणितही नेमकं चेंडूचंच निघालं. लाथाडलेला चेंडू कुंपणापलीकडे जाईल का? जाईल, फाइने मांडून दाखवलं. पण सगळ्यात उंच जागी उतार शून्य का धरायचा, ते काही तिच्या डोक्यात शिरेना.

"एकदाच मारून बघू?"

बुप्फाचा पारा चढला. आठवडाभर बडवून शिरलं नाही, ते आता काय शिरणार? "थांब. कुठवर जातो ते मीच दाखवते तुला."

आणि तिने लाथ हाणली. चप्पल गेली शेजारच्या पत्र्यावर. चेंडू वर चढला, क्षणभर आडवा तरंगला आणि उतरला तो थेट वास्तुदेवतेच्या छपरावर. आतले घर राखणारे चिनी मातीचे आजी-आजोबा एकमेकांच्या गळ्यात पडले. लाल सरबत खांबावरून ओघळलं.

आवाजाने बुप्फाची आई बाहेर आली. बुप्फाने बेधडक फाइकडे बोट दाखवलं. फाइने नुसतं बुप्फाच्या अनवाणी पायाकडे पाहिलं. म्हातारीला तेवढं पुरलं. तिने उदबत्त्या पेटवल्या, बुप्फाची मान खाली दाबली आणि तिच्या वतीने नवस बोलून टाकला.

"देवा, चूक पोटात घाल. नात पास होऊ दे, ही महिनाभर कुणावर ओरडणार नाही."

"आई, दुसरं काही बोल ना. उकडलेली अंडी बोल, शंभर!"

"अंडी सगळेच देतात."

इकडे फाइ वहीवर वाकली होती. "आई, चढणं संपलं आणि उतरणं सुरू व्हायचं होतं, तेव्हा तो आडवा होता बघ. म्हणून शून्य! सरांनी महिनाभर घसा कोरडा केला, तू एका लाथेत शिकवलंस."

या पोरीला झोडावं की कुशीत घ्यावं, बुप्फाला ठरवता येईना.

फाइ पास झाली, चांगली झाली. संघातही राहिली. निकालाच्या संध्याकाळी चेंडू पुन्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर. धप, धप, धप. बुप्फाने तोंड उघडलं, खांबाकडे पाहिलं आणि मिटलं. मग खलबत्ता ओढून मिरच्या कुटायला घेतल्या.

त्या रात्री कच्च्या पपईची कोशिंबीर खाताना सगळ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ओरडलं मात्र कुणीच नाही.