टिपणीस काकांची तपासणी

आमच्या मजल्यावरच्या टिपणीस काकांकडे कुणी नवीन माणूस गेला, की ते त्याला आधी पाणी विचारत नाहीत. टेबलावरची एक पितळी पुंगळी त्याच्या हातात ठेवतात आणि म्हणतात, "हलवून बघा. जिवंत की रिकामं?" पाहुण्याचा चेहरा उतरतो. मग काका पुंगळीच्या कुशीला पाडलेलं भोक दाखवतात आणि समाधानाने चहाचं आधण ठेवायला आत जातात.

काका काडतुसं जमवतात. म्हणजे बार उडून गेल्यावर उरतात त्या पुंगळ्या. पनवेलचे सगळे भंगारवाले त्यांना नावानिशी ओळखतात. आपटा गावातल्या कुणा जुन्या बंदूकवाल्याचा माळा साफ होणार असल्याची बातमी त्याच्या घरच्यांच्या आधी काकांना लागते. स्वतः मात्र माणूस इतका भित्रा, की दिवाळीत लवंगी लावायची तर काठीला उदबत्ती बांधून लावतो. उरणला बंदराच्या गोदामात कारकुनी करण्यात जन्म गेला, बंदुकीला कधी हात लागलेला नाही.

माझं मत विचाराल तर त्यांचा खरा छंद पुंगळ्यांचा नाहीच, कायद्याचा आहे. पुंगळीच्या बुडाची टोपी उडालेली हवी, आत दारूचा कण नको, पुढे शिसं नको. जिवंत काडतूस एक जरी सापडलं आणि परवाना नसला, तर आत जाल. रिकामं असेल तर ते नुसतं पितळ. वर संशयाला जागा नको म्हणून हे प्रत्येकीला स्वतः भोक पाडणार. हे सगळं मला पाठ आहे, कारण लिफ्ट बंद असली की आम्ही जिने एकत्र चढतो.

एकदा त्यांचा फौजेतून निवृत्त झालेला मावसभाऊ मोठ्या प्रेमाने एक लष्करी पुंगळी घेऊन आला. काकांनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "हे माप प्रतिबंधित. रिकामं असलं तरी विचारल्याशिवाय घरात नको." बिचाऱ्या भावाने जिन्यावर बसून चहा घेतला आणि भेट परत नेली. मुलगी बंगळुरूला असते, ती विमानाचं तिकीट काढते म्हणाली, तर काका नाही म्हणाले. बॅगेच्या शिवणीत चुकून एखादी पुंगळी राहिली आणि विमानतळावर सापडली तर काय घ्या! उलव्याच्या नव्या विमानतळावरची विमानं डोक्यावरून जाऊ लागली, तरी हे अजून बंगळुरूला रेल्वेनेच जातात, तेही क्वचित.

काकू गेल्या त्या वर्षी काकांनी एक अजब गोष्ट केली. आपण होऊन पोलीस ठाण्यात गेले आणि म्हणाले, माझ्याकडे अमुक माल आहे, येऊन तपासा. चोर स्वतःहून ठाण्यात आल्याचं तिथल्या साहेबांनी कधी पाहिलं नसावं. काय करावं ते न सुचून त्यांनी म्हात्रे नावाच्या हवालदाराला सोबत पाठवलं. म्हात्रे आले, पोहे खाल्ले, एकेक पुंगळी निरखली, प्रत्येकीची जन्मकथा ऐकली आणि "सगला बरोबर हाय" म्हणून निघून गेले.

तेव्हापासून दरवर्षी काका ठाण्यात जाऊन तपासणी मागून घेतात. घरात तो सणच असतो. आठवडाभर चिंचेने पितळ घासणं चालतं, पडदे धुतले जातात, मला बाजारातून ओलं खोबरं आणायला सांगितलं जातं. म्हात्रेही कुरकुर न करता येत. एकदा तर पायाला प्लास्टर असताना आले.

यंदा म्हात्रे आले ते दारातच उभे राहिले. ठाण्यात नवे साहेब आले होते आणि त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून पाहिलं होतं.

"काका, तुमचा सगला माल रिकामा हाय. त्याला परवाना लागत नाय, नोंद नाय, तपासणी पन नाय. तुमी आता ठाण्यान येऊ नका. साहेब मना वरडतान."

म्हात्रेंची बदलीही झाली होती, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. एवढं सांगून ते घाईने जिना उतरले. मी माझ्या दारातून ऐकत होतो. म्हटलं, चला, सुटले काका. आता पेढे येतील.

पेढे आले नाहीत. संध्याकाळी मलाच बोलावणं आलं. टेबलावर पांढरी चादर अंथरलेली, तिच्यावर पुंगळ्या उंचीप्रमाणे मांडलेल्या, आणि पोह्यांच्या दोन बशा. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी पोहे खाल्ले, सगळ्या पुंगळ्या पाहिल्या, सगळं नियमात आहे असंही म्हणालो. काकांनी मान हलवली. माझ्या म्हणण्याला काही अर्थ नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

बराच वेळ ते चादरीची सुरकुती सरळ करत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुमचं वाचन असतं, म्हणून विचारतो. परवाना लागेल असं काही आहे का हो, माझ्यासारख्याला ठेवता येण्याजोगं? फार धोक्याचं नको. वर्षातून एकदा कुणीतरी येऊन बघून जाईल, इतपतच."

मी विचारून सांगतो म्हणालो. कुणाला विचारणार होतो, देव जाणे.