कडी आतून लागती का?

मुंबईला निघायच्या दिवशी सकाळी मी तांब्याभर ताक प्यालो, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून वर अर्धं कलिंगड खाल्लं.

मे महिना होता, उकडत होतं, हे सगळं मान्य. पण शिनोलीहून मुंबईपर्यंत एसटीत बसायचंय हे पक्कं ठाऊक असताना खाल्लं. शेजारच्या सीटवर नामदेवतात्या होते. त्यांनी आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

"तात्या, उपास आहे का?"

"उपास कसला? बघतोय जमतंय का," तात्या म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. काय जमतंय का, हे मी विचारलं नाही. माझं लक्ष तोवर माझ्या पोटाकडं लागलं होतं.

नामदेवतात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचं घर आमच्या घराला लागून. धोतर, पांढरी टोपी, आणि आवाज असा की ओट्यावर बसून बोलले तरी घोडेगावच्या स्टँडवरची गाडी थांबावी. भाताची खाचरं, थोडा बटाटा, दारात दोन म्हशी. माणूस तसा सरळ. फक्त एक खोड होती. कुठंही गेले की तात्यांना आधी संडास बघायचा असे.

जायचा नव्हे. बघायचा.

लग्नाला गेलेला माणूस आधी मांडवात शिरतो. तात्या मांडवाच्या मागं जात. घराला वळसा घालून, कुठं वाकून, कुठं दार ढकलून परत येत आणि नवरदेवाच्या बापाला सगळ्या पाहुण्यांसमोर सांगत, "सोय हाय. पण कडी आतून लागत न्हाई. बघा तेवढं."

पेठला पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हाही तेच. मुलगा चांगला, विहिरीला पाणी, दारात नवा ट्रॅक्टर. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "पावणं, काय इचारायचंय का?"

"संडास कुठाय?" तात्या म्हणाले.

त्या भल्या माणसाला वाटलं, पाहुण्याला लागली असेल. त्यांनी घाईघाईनं टमरेल भरून हातात दिलं आणि बांधाकडं बोट केलं. तात्यांनी टमरेल खाली ठेवलं. "मला न्हाई वो. पोरीला."

स्थळ तिथंच मोडलं. पुतणीचा बाप पुढं कितीतरी दिवस तात्यांशी बोलत नव्हता.

आमच्या आळीत पहिला संडास बांधला तोही तात्यांनीच. लोक म्हणाले, "घराला घाण चिकटवली." तात्यांनी ऐकलं नाही. आत फरशी, वर पत्रा, दाराला पितळी कडी. ती कडी ते रोज आत जाऊन, लावून, काढून बघत. पण गंमत पुढंच. स्वतः तात्या पहाटे उठून टमरेल घेऊन ओढ्याकडंच जात! मी एकदा न राहवून विचारलं, "तात्या, मग बांधलाय कशाला?"

"बांधलाय म्हणून काय सगळ्या गावानं बसायचं का त्यात?" तात्या उखडले.

घोडेगावात माझा फोटो स्टुडिओ. लोक कॅमेऱ्यासमोर बसले की चेहरे असे करतात, जणू पोलीस पाटलानं बोलावलंय. मग मी त्यांना तात्यांचा एखादा किस्सा सांगायचो. माणूस खुदकन हसला की लगेच बटण दाबायचो. त्या काळातल्या निम्म्या घोडेगावच्या फोटोंतलं हसू तात्यांच्या संडासाचं आहे.

तर माझा कॅमेरा बिघडला आणि दुरुस्तीला मुंबईला न्यायचं ठरलं. हे कळताच तात्या दारात हजर.

"बाळू, मी बी येतो. तुझ्या काकीला समुद्र दावायचाय. आदी मी बघून येतो."

यमुनाकाकीचं समुद्राचं वेड आम्हा सगळ्यांना माहीत होतं. घरात रंगीत टीव्ही आला तेव्हापासूनचं. पडद्यावर समुद्र आला की काकीचा भाकरी थापायचा हात थांबायचा. हिरो-हिरॉइनीकडं तिचं लक्ष नसे. "ती बाजूला झाली म्हंजी नीट दिसंल," म्हणायची. "येकदा पाय बुडवून बघायचंय मला." पण काकी कुठं जातच नसे. लग्नाला नाही, जत्रेला नाही, घोडेगावच्या बाजारालाही नाही. आम्ही समजायचो, तिला घर सोडवत नाही.

"तात्या, समुद्र काय आधी बघून यायचा? तो तिथंच असतो की," मी म्हणालो.

"समुद्र न्हाई रं. बाकीचं."

बाकीचं म्हणजे लॉज, खानावळ वगैरे असेल, असं मला वाटलं.

माळशेज घाटात ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. आम्ही पुरुष पटापट उतरलो आणि दरीकडं तोंड करून ओळीनं उभे राहिलो. ताकातून आणि कलिंगडातून मी मोकळा झालो, असा माझा समज झाला. परत आलो तर तात्या जागेवरच.

"तुम्ही नाही उतरलात?"

तात्यांनी मान मागं वळवली. मागच्या सीटांवर बायका पदर सावरून मुकाट बसल्या होत्या. "बाया कुणी उतरल्या का?" तात्या म्हणाले. मला वाटलं, म्हातारा चावटपणा करतोय. मी हसलो. ते हसले नाहीत.

मुंबई आली आणि कलिंगड परत आलं. दुपारची वेळ. हवा अशी की अंगातलं सगळं पाणी घामावाटे जावं. पण माझं काही तिकडून जात नव्हतं. स्टँडवरच्या मुतारीत मी धावलो. बाहेर आलो तर तात्या तिथल्या माणसाशी हुज्जत घालत होते. तात्यांची हिंदी टीव्हीवरची.

"बाईमाणूस के लिए सोय किधर है?"

"लेडीज बंद है."

"कब खुलता है?"

"वो बंदच है."

तिथून समुद्रापर्यंत चालत जायचं, असं तात्यांनी ठरवलं. "तुझ्या काकीला किती दम निघंल त्ये बघाया पाह्यजे." मला वाटलं, काकीच्या गुडघ्यांबद्दल बोलतायत. आम्ही निघालो. वाटेत दिसेल तिथं तात्या थांबत. एका ठिकाणी बायकांच्या दाराला कुलूप, आणि कुलपाला असा गंज की किल्लीलाही ते ओळखू येऊ नये. दुसरीकडं कुलूप नव्हतं, पण आत सिमेंटची पोती आणि एक स्कूटर. तिसरीकडं दार उघडं, आत पाणी नाही, आणि दारच अर्धं. एका हॉटेलात मालक म्हणाला, काहीतरी खावं लागेल. मी चहा-पाव खाल्ला, तात्यांनी नुसता कोरडा पाव. मग तो म्हणाला, लेडीजसाठी नाहीच. चहामुळं माझी अवस्था आणखी बिकट झाली.

पुरुषांचं काय, दर वळणावर भिंत होती. भिंतीवर देवांच्या फरशा लावलेल्या, म्हणून मी पुढची भिंत बघायचो. तात्या माझ्याकडं बघत, मग पुढच्या बंद दाराकडं बघत आणि चालू लागत. त्यांचा आवाज हळूहळू बसत चालला होता. ओठ सुकले होते. पाणी प्या म्हटलं तर मान हलवत.

चौपाटी जवळ आली तशी एक संडासाची इमारत दिसली. पुरुषांची बाजू एका अंगाला, बायकांची दुसऱ्या. आणि बायकांचं दार उघडं! मी माझ्या बाजूला पळालो. मोकळा होऊन बाहेर आलो तर आरडाओरडा. तात्या बायकांच्या संडासाच्या दारात उभे, हात अजून कडीवर, समोर चार-पाच बायका, आणि मागं जमलेली गर्दी.

"बुढ्ढा अंदर घुसा था!"

"शरम नहीं आती?"

मी पुढं झालो. सांगायला गेलो की हे माझे काका आहेत, चांगल्या घरातले आहेत. तेवढ्यात एकाचं लक्ष माझ्या गळ्यात लटकणाऱ्या कॅमेऱ्याकडं गेलं.

बायकांच्या संडासाबाहेर कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस किती चांगल्या घरातला आहे, हे मुंबईत कुणी विचारत नाही. माझी कॉलर धरली गेली. "बंद आहे! बिघडलाय! दुरुस्तीला आणलाय!" मी ओरडलो. एकानं कॅमेरा उघडून बघितला. आत रोल नव्हता म्हणून मी आज हे लिहितोय. तरी एक हवालदार आलाच. त्यानं तात्यांच्या दंडाला धरलं.

"काय रे म्हाताऱ्या, काय बघत होतास?"

"कडी बघत व्हतो," तात्या म्हणाले. आणि मग त्यांचा तो घोडेगावच्या स्टँडवर पोचणारा आवाज परत आला. "सायेब, माजी बायकू हाय. पोर झाल्यापासनं तिला लघवी धरवत न्हाई. पोर बी ऱ्हायलं न्हाई, पर त्यो तरास ऱ्हायला. तिला समुद्र बघायचाय. म्हणून कडी आतून लागती का ते बघत व्हतो. दुसरं काय न्हाई."

हवालदारानं तात्यांचा दंड सोडला. माझ्या कॉलरवरचा हात सुटला. मी स्टुडिओत सांगितलेला एकेक किस्सा मला आठवत होता आणि त्यातल्या एकाचंही हसू येत नव्हतं.

रांगेतली एक बाई पुढं झाली. डोक्यावर शेंगांची पाटी. "लागत नाही कडी, बाबा," ती म्हणाली. "आम्ही दोघीदोघी येतो. एकीनं दार धरायचं. आणि दिवस मावळायच्या आत यायचं, मग ह्यालाबी कुलूप."

"मग तुमी दिसभर काय करता?"

"पाणी पीत नाही," बाई सहज म्हणाली आणि पाटी मैत्रिणीकडं देऊन आत गेली.

आम्ही वाळूवर जाऊन बसलो. समोर समुद्र होता. चांगला होता. तात्या मात्र त्याच्याकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करून बसले.

"तात्या, इकडं बघा की."

"तिनं बघितला न्हाई आन मी कशाला बघू?"

लाटांचा आवाज मागून येत होता. तात्यांचं स्वतःशीच बोलल्यासारखं सुरू झालं. "येडगावला भाचीचं लगीन व्हतं. येताना एसटीत तिला लागली. ती म्हणली, गाडी थांबवा. मलाच लाज वाटली डायवरला सांगायची. म्हणलं, धर जरा, आलंच गाव. कुठलं गाव? नारायणगाव बी यायचं व्हतं. लुगडं भिजलं तिचं. गाडीतली लोकं हसली. तवापास्नं ती उंबऱ्याभाईर न्हाई पडली, बाळू. मला येका शब्दानं बोलली न्हाई."

"दुसऱ्या एखाद्या ठिकाणी बघू तात्या. अलिबाग आहे, कोकण आहे..."

"हिथं येवढी मानसं, येवढी बिल्डिंगं. हिथं न्हाई तर तिथं कुठनं आसंल?"

उठताना त्यांनी वाळूत पडलेली पाण्याची रिकामी बाटली उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि उलट्या पावलांनी, समुद्राकडं न बघता, मागं मागं जाऊन ती गुडघाभर पाण्यात बुडवून भरून आणली. येणारे-जाणारे बघत होते. मी या वेळी कॅमेरा शर्टाच्या आत ठेवला होता.

रात्री गावाकडच्या एका माणसाच्या खोलीवर झोपलो आणि सकाळच्या गाडीनं परत निघालो. कॅमेरा दुरुस्त करायचा राहिलाच. मी आता शहाणा झालो होतो. सकाळपासून पाणी, चहा, काही म्हणजे काही घेतलं नव्हतं. माळशेज चढेपर्यंत माझ्या घशाला कोरड पडली. शेजारी तात्यांचा डोळा लागला होता आणि त्यांच्या मांडीवर भरलेली बाटली होती.

तहानेपुढं त्यात काय आहे याचा मला विसर पडला. मी बूच उघडलं आणि मोठा घोट घेतला.

समुद्र जिभेवर आल्यावर माणूस काय करतो, ते मला तेव्हा कळलं. मी तो समोरच्या सीटवरच्या गृहस्थाच्या मानेवर थुंकला. नेमकं त्याच वेळी गाडीनं वळण घेतलं, बाटली हातातून सुटली आणि सीटाखालून गडगडत ड्रायव्हरपर्यंत गेली. तात्या दचकून जागे झाले. टोपी पडलेली, तसेच वाकून, लोकांच्या पायांतून, पिशव्यांतून सरपटत जाऊन त्यांनी ती पकडली. तळाला थोडं राहिलं होतं. शिनोली येईपर्यंत त्यांनी बाटलीवरचा हात काढला नाही.

काकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून सूप बाजूला ठेवलं.

"बघितला का? कसाय?"

"कसा आसायचा?" तात्या टोपी काढत म्हणाले. "येडगावचं धरण बघितल्यावर त्यात बघायसारखं काय न्हाई. नुसतं पाणी. त्ये बी खारट."

काकी त्यांच्याकडं बघत राहिली. "तिथं सोय न्हाई व्हय?" तिनं विचारलं.

तात्यांचा आवाज इतका हळू मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "न्हाई," ते म्हणाले.

तात्या आत गेले, परात घेऊन आले. काकीच्या पुढ्यात ठेवली आणि बाटली तिच्यात उपडी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत हलवली. काकी उठली. लुगडं जरा वर धरलं आणि एकेक पाऊल सावकाश आत ठेवलं. पाणी जेमतेम बोटांच्या खाली पोचत होतं. तिनं अंगठा हलवला. बारीक वाळूचे दोन-चार कण परातीत फिरले, त्यांच्याकडं ती वाकून बघत राहिली.

"येवढाच?" काकी म्हणाली.

तात्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"लई व्हता. ह्या गाढवानं प्यायला."