दाजींची विमान मंडळी

विमानाला उशीर झाला तर उतारूंच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, या कामावर माझी नेमणूक होती. विमान अजून निघालं नव्हतं. मुळात ते कुणी पाहिलंच नव्हतं. पण दाजी नेरूरकरांच्या सहीचा नेमणुकीचा कागद माझ्या पेटीत होता.

दाजी फणसवाडीत आमच्या शेजारच्या खोलीत राहत. पन्नाशी उलटलेली, बायको गेलेली, मूलबाळ नाही. कोट भागातल्या एका पेढीत कारकुनी करत. एकोणिसावं शतक संपायला काही वर्षं उरली होती तेव्हा एका गोऱ्यानं परळला फुग्याला लटकून आकाशात जाऊन दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो खाली आल्यावर दाजींनी मोडक्या इंग्रजीत त्याला विचारलं, "मालवणला किती वेळात नेशील?"

मालवणाजवळच्या गावी दाजींची म्हातारी आई एकटी होती. ती मुंबईला यायला राजी नव्हती. पावसाळा लागला की आगबोट बंद, ती थेट नारळी पौर्णिमेनंतर सुरू. घाटानं जायचं तर नुसतं पोचायलाच आठ दिवस, आणि साहेब रजा देई तीच मुळी आठ दिवसांची. या बंद महिन्यांत तिचं काही बरंवाईट झालं तर, ही धास्ती दाजींना कायमची होती.

त्यातून विमान चालवणारी मंडळी, म्हणजे कंपनी, जन्मली. पहिल्या वर्षी गिरगाव ते मालवण एवढाच मार्ग. दुसऱ्या वर्षी विजयदुर्ग, देवगड ही ठाणी वाढली. तिसऱ्या वर्षी काशी, लाहोर नि कलकत्ता जोडून दाजींनी तिचं नाव 'अखिल हिंद विमान मंडळी' केलं. ही सगळी भरभराट एका वहीत.

अडचण एकच आली. देवाच्या डोक्यावरून विमान न्यायचं कसं? "नियमात बसत नाही," दाजी म्हणत. हे त्यांचं पालुपदच होतं. काशीच्या वाटेला प्रभादेवीच्या गणपतीला वळसा घातला. कोकणात तर पावलोपावली देऊळ. शेवटी मालवणचं विमान समुद्रावरून, अगदी आगबोटीच्याच वाटेनं न्यावं लागलं.

"मग दाजी, आगबोट काय वाईट?" मी विचारलं.

"ती पावसात बंद. आपली मंडळी पावसातच चालणार. उरलेले महिने विमान बंद."

माझ्या बायकोनं विमानात सुकं म्हावरं नेता येईल का विचारलं. दाजींनी दोन दिवस विचार केला आणि मागच्या बाजूला बसण्याच्या अटीवर परवानगी दिली. सारी चाळ हसली. मीही हसलो.

पावसाळ्यात गावाहून टपाल आलं की दाजी पाकीट फोडत नसत. ते माझ्या हाती देत. "तुम्ही वाचा. तोंडावरून मला कळेल." त्या आषाढात मी पत्र वाचलं आणि तोंड कसं ठेवावं ते कळेना. आईनं गावच्या भटजींकडून लिहवून घेतलं होतं, 'प्रकृती बरी आहे. प्रत्येक पत्रात विमानाचे लिहितोस. उतरावयास जागा पाहिजे म्हणून दारापुढच्या खळ्यातला माड तोडवून घेतला. आता यावे.'

लागता, दरसाल नारळ देणारा माड होता तो. कोकणात असा माड तोडणं म्हणजे काय, ते तिकडच्या माणसालाच विचारावं.

दाजींनी पत्र माझ्या हातून घेऊन दोनदा वाचलं. "इथं सगळे हसलात," ते म्हणाले. "तिनं खरं मानलं."

मग वही मिटून ते छत्री शोधू लागले.

"अहो, पण रजा?"

"तिणा जागा केल्यान," दाजी एकदम मालवणीत बोलले. "आता उतराक व्हयाच."

साहेबाला न विचारता ते निघाले. कोल्हापूरपर्यंत आगगाडी, पुढे फोंडाघाटातून चिखल तुडवत पायी. मला माझ्या हसण्याची लाज वाटत राहिली. तीन आठवड्यांनी त्यांचं कार्ड आलं.

'सुखरूप पोचलो. विमान कुठे, असे शेजारी विचारतात. खळ्यात चिखल, म्हणून घाटमाथ्यावर उतरवले, असे सांगितले आहे. आई मात्र काहीच विचारत नाही. सकाळपासून माझ्या पायांना तेल चोळीत बसली आहे.'