विंगेतला सूड

सूडनाटकाच्या नायकाच्या अंगात सूड भिनलेला असावा, पाठांतर नसलं तरी चालतं, असा साडूभाऊंचा समज होता. पाठांतराचं खातं त्यांनी विंगेत उभ्या असलेल्या आपल्या साडूकडे, म्हणजे कुजबुजेंकडे सोपवलं होतं. कुजबुजे हे काही आडनाव नव्हे. कार्यालयाच्या नाटकात वर्षानुवर्षं विंगेतून सगळ्यांना वाक्यं पुरवल्याबद्दल त्यांना मिळालेली ती एकमेव पदवी होती.

खरं तर यंदा नायक कुजबुजेच व्हायचे होते. दिग्दर्शकाने तसा शब्द दिला होता. पण साडूभाऊ त्याच्या कानाला लागले, की माणूस गुणी आहे हो, फक्त आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. झालं. कुजबुजेंच्या नशिबी पुन्हा विंग आली, आणि तोंडाला पानं पुसायला शेवटच्या अंकातला एका वाक्याचा इन्स्पेक्टर. नायक खलनायकाचा खून करणार आणि इन्स्पेक्टर येऊन त्याला बेड्या घालणार. बायको तेवढ्यावरही हरखली. नवरा एकदाचा रंगमंचावर दिसणार म्हणून ती आईवडिलांना घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. मांडीवर फुलांचा गुच्छ होता.

खाकी पोशाखात घामाघूम होऊन वाक्यं पुरवताना कुजबुजेंना सुचलं, की सूड घ्यायला सुराच लागतो असं नाही. नेमक्या जागी मूग गिळून बसलं की साडू सासरच्या माणसांसमोर तोंडघशी पडतो.

ती जागा आली. खलनायक झालेले साहेब गुडघे टेकून बसले. त्यांचा खून बघायला सगळा कर्मचारीवर्ग दरवर्षी सहकुटुंब येत असे. साडूभाऊंनी सुरा उगारला.

"नराधमा, आज तुझा..."

पुढचं काही येईना. त्यांनी विंगेकडे पाहिलं. कुजबुजे छताकडे बघत होते.

"नराधमा, आज तुझा..." म्हणत साडूभाऊ सरकत सरकत विंगेपाशी आले. "अरे, पुढे काय?"

हे मात्र तिसऱ्या रांगेपलीकडेही गेलं.

"मारा ना लवकर," साहेब पुटपुटले. "गुडघे गेले माझे."

साडूभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांपुढे अडकलं की रोज जे तोंडून निघायचं, तेच निघालं.

"जाऊ द्या साहेब. झालं गेलं विसरून जाऊ."

सुरा खाली पडला. गुडघ्यांच्या कळांनी साहेबांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. प्रेक्षकांच्या टाळ्या थांबेनात. इतक्या वर्षांत प्रथमच जिवंत राहिलेल्या साहेबांनी संधी साधून हुकूम सोडला, "पडदा पाडा."

पडदा पडला, आणि कुजबुजेंच्या डोक्यात प्रकाश पडला. खून नाही, तर अटक कुणाला करणार?

बायको आत आली तेव्हा ते बेड्या हातात घेऊन उभे होते. गुच्छ सासूबाईंनी केव्हाच मोठ्या जावयाला, म्हणजे साडूभाऊंना, देऊन टाकला होता.

"अहो, तुमचं काम केव्हा आहे?" तिने विचारलं. "आई-बाबा अजून बसून आहेत."

कुजबुजेंना स्वतःचीच मनापासून लाज वाटली. तेवढ्यात गुडघे चोळत साहेब आले.

"यापुढे हाच शेवट कायम. आणि कुजबुजे, त्या जागी असंच गप्प राहायचं बरं का."

"होय साहेब," कुजबुजे खणखणीत आवाजात म्हणाले.

शेवटच्या रांगेत खुर्च्या आवरणाऱ्या माणसानेही मान वर करून पाहिलं.