चार्जर कंपनीचा, शोध आपला

ऑफिसात त्याला सगळे 'काटेकोर' म्हणत, आणि त्याला ते कौतुकच वाटे. (वाटायला काय जातं?) जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलंय ते ओळखून सांगणारा एक प्रोग्रॅम त्याने घरी लिहायला घेतला, तेव्हाच ठरवून टाकलं, की यात कंपनीची टाचणीसुद्धा लागता कामा नये. कंपनीच्या साधनांवर केलेलं ते कंपनीचं, असं करारात स्पष्ट होतं. उद्या या शोधावर जगाच्या उड्या पडणार आणि कंपनी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

म्हणून त्याने लॅपटॉप स्वतःचा घेतला, इंटरनेटही वेगळं. घरून काम करायला कंपनीने दिलेली खुर्ची होती. पण प्रोग्रॅम लिहिताना तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसे. पाठ धरली, तत्त्व सुटलं नाही. बायको रोग्यांना भूल देणारी डॉक्टर. माणूस शुद्धीवर आहे की नाही, हे तिला नजरेतच कळतं. तिने पाठीला लावायचं मलम स्टुलाशेजारी आणून ठेवलं.

एका रविवारी घात झाला. लॅपटॉपला लावलेला चार्जर कंपनीचा निघाला.

"हा कोणी लावला?"

"मी. तुझा सापडेना."

"अगं, सकाळपासून यात कंपनी शिरतेय."

"वीज शिरतेय," बायको म्हणाली, "आणि ती आपल्या घरची आहे."

त्याला पटलं, पण भूल देणाऱ्या बाईचं कायद्यातलं मत घेऊन करायचं काय? सोमवारी तो आपण होऊन कंपनीच्या वकीलबाईंपुढे उभा राहिला आणि चार्जरची हकीकत इत्थंभूत सांगितली. बाई म्हणाल्या, हक्क सांगायचा की नाही ते वस्तू बघून ठरवू. शोध हातचा जाईल ही धास्ती होतीच, पण तो बघायला कंपनी घरी येणार म्हणून छातीही फुगली.

शनिवारी साहेबांना घेऊन त्या घरी आल्या. दाराशी लॅपटॉप मांडलेला, सासूबाई कोचावर बसलेल्या. साहेबांची भारदस्त पावलं जिन्यावर वाजली, तसा लॅपटॉप खणखणीत आवाजात म्हणाला, "सासूबाई आल्या."

सासूबाईंनी आधी साहेबांचा देह न्याहाळला, मग जावयाला विचारलं, "मी अशी चालते?"

साहेब नवखे आहेत म्हणून चुकलं, असं सांगून तो खाली उतरला. आपली पावलं तर प्रोग्रॅमला तोंडपाठ आहेत, या भरवशावर रुबाबात एकेक पायरी चढून वर आला.

"अनोळखी इसम. दार उघडू नका."

बायकोने शांतपणे दार लावून घेतलं.

आतलं हसणं ओसरायला बराच वेळ लागला. मग वकीलबाईंनीच दार उघडलं. कंपनी यावर कसलाही हक्क सांगणार नाही, म्हणाल्या, आणि तसं लेखी देऊ. आपण जिंकलो, असं वाटून त्याने बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"फक्त एक करा," बाई चपला घालताना हळूच म्हणाल्या. "हे बनवणारा आमच्याकडे नोकरीला आहे, असं कुठे बोलू नका."