पाणी कसं हाये?

कोणत्याही गावाचं नाव काढा, देवसिंगकाकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी कसं हाये?" माणसं कशी आहेत, बाजार कधी भरतो, हे सगळं नंतर.

ढाणकीजवळ आमचा बंजाऱ्यांचा तांडा. एके काळी आमची माणसं बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. मुक्कामाआधी एकजण पुढं जाऊन पाणी पाहून येई, आणि ते काम आमच्या घराण्याकडे होतं. पुढे बैल गेले, गोण्या गेल्या, तांडा शेतीला लागला. पण काकांना त्या कामातून मोकळं केल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

एकदा यवतमाळच्या एका कचेरीत शिपायानं त्यांना पाणी दिलं. घोट घेऊन काका उठलेच, मला म्हणाले, "चाल. इथं काम होत नाही." आणि खरंच, पुढे वर्षभर ते काम झालं नाही! सोयरिकीच्या एकाही गावचं पाणी पसंत पडेना म्हणून काका बिनलग्नाचे राहिले, असं तांड्यात म्हणत. माझे वडील लवकर गेले, आई त्याआधीच. मला वाढवलं ते या काकांनीच.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. यवतमाळला कॉलेजची दोन वर्षं झाली होती आणि तिसऱ्या वर्षाला मला अमेरिकेतल्या एका शेतकी कॉलेजात जायचं होतं. गुणपत्रिका जमल्या, प्राध्यापकांची शिफारसपत्रं मिळाली. राहिली होती फक्त पालकाची संमती. घरात आम्ही आमची बंजारा बोली, गोरबोली बोलायचो, पण मामला गंभीर असला की काका कचेरीत उभे असल्यासारखे वऱ्हाडीवर येत.

"अंगठा देतो. पयले पाणी इचार."

"काका, तिथं घरोघरी नळ हायेत."

"नळाचं कायले सांगतो? नळात कुठलं येते ते सांग!" आणि अंगठा मुठीत दाबून बसले.

माझा अर्ज तपासणाऱ्या इंग्रजीच्या सरांनी कपाळावर हात मारला. "अरे, ते कॉलेज आहे, विहीर नाही! वेडा समजतील तुले." पण मुदत संपत आली होती आणि मूठ काही उघडत नव्हती. शेवटी मी अर्जाखाली लिहिलं, 'माझ्या काकांची संमती नंतर पाठवतो. तिथलं पाणी कसं आहे, हे त्यांना आधी कळायला हवं.' आता प्रवेश मिळत नाही, असंच मी धरून चाललो.

उत्तर आलं. प्रवेश मिळाला होता! खाली तिथल्या कचेरीतल्या बाईंनी काकांसाठी वेगळं लिहिलं होतं: पाणी खोल विहिरींचं आहे, थोडं जड आहे, लोखंडाची चव लागते, पण मी जन्मापासून हेच पिते.

मी मराठीत सांगत गेलो, काका डोळे मिटून ऐकत होते. "जल्मापासून पेते म्हन्ते?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग मूठ उघडली. "बाई खरी हाये. जड हाये तं जड सांगते. आण तुहा कागद."

मला पोचवायला ते धामणगावच्या स्टेशनापर्यंत आले. गाडीला वेळ होता. सवयीनं त्यांनी फलाटावरच्या नळाखाली ओंजळ धरली, घोट घेतला, तोंडात घोळवला आणि तसेच उभे राहिले.

"पाणी कसं हाये, काका?" मी हसत विचारलं.

 पागोट्याच्या शेवानं त्यांनी तोंड पुसलं, डोळे पुसले. "आज चवच समजून नाही राह्यली, लेका."

माझं हसू तिथंच विरलं. गाडी आली, मी चढलो. काकांनी खिडकीचा गज धरला होता.

"तिकडचं पाणी कसं हाये ते चिठ्ठीत लिवू नको," ते म्हणाले. "पाणी पाहाले गेलेला मानूस वापस येऊन सांगते."