खाडीपलीकडच्या निळ्या डागाची मोहीम

श्रीकृपेकरून शके अठराशे एक्क्याण्णव, मार्गशीर्ष मासी, घाटकोपर मुक्कामी रसायनपरीक्षक राजश्री शरच्चंद्रपंत यांस काय काय लाभणार होते, त्याची याद आधी लिहितो. थोरल्या परीक्षकाची खुर्ची, पंख्याखालचे टेबल, आणि टेबलावर स्वतःच्या हातची घंटी, की जी वाजविली असता शिपाई येतो. बदल्यात कामगिरी एकच: शनिवारच्या आत डबाभर मातीत सुरुंगाची दारू असल्याचा दाखला द्यावा. ऐसा किफायतीचा सौदा पंतांचे कुळात कोणी पाहिला नव्हता.

वर्तमान ऐसे की, दहिसरकडील एका खाणीतून सुरुंगाच्या दारूची पेटी नाहीशी जाहली, आणि तिच्या पुठ्ठ्याचा फाटका तुकडा गोराईच्या खाडीपलीकडे कोळीण सोनूबाई यांचे मासळी वाळविण्याचे खळ्यावर मिळाला, मग हवालदार शिवदास यांणी खळ्यास मोहोर लाविली, आणि तेथील माती एका डब्यात, व ताडून पाहण्यास शेजारची कोरी माती दुसऱ्या डब्यात, ऐशी रवाना केली. हंगाम बोंबलांचा. खळे बंद, तर होड्यांतून उतरलेली मासळी टोपल्यांतच कुजणार आणि बाईंचे वर्षाचे पोट बुडणार.

पंतांनी दोन्ही मातींचे अर्क काढिले, त्यांवर परीक्षेच्या तेजाबाचे थेंब सोडिले, आणि पाहतात तो खळ्याची माती निळीशार! कोरी मात्र होती तैसीच. मोठे साहेब अनंतराव यांणी तत्काळ फर्माविले की, दारू सापडली ऐसे लिहावे. पंतांनी लेखणी उचलली. मनात ते एव्हाना घंटी वाजवीत होते.

इतक्यात खाशा सोनूबाई दोन टोपल्या अर्धओल्या बोंबलांसह दरवाज्यावर चालून आल्या. पहारेकऱ्याने अडविले, बाईंनी टोपल्या उंबऱ्यातच मांडिल्या, आणि मग जे काम अर्जाने महिनोन्‌महिने होत नाही ते वासाने अर्ध्या घटकेत केले. पहारा मोडला.

"आरं साहेबा, मासली वालवतो आमी, दारू नाय! त्यो पुठ्ठा भरतीनं आनला. माज्या आजीपासून त्या मातीन मासलीचं पानी मुरतंय. वाडीवाले खत म्हनून मागून नेतान!"

खत हा शब्द ऐकताच पंतांची लेखणी दौतीशीच थांबली. कारण तेजाब जैसा दारूने निळा होतो, तैसाच खताच्या क्षारांनीही होतो. मग शेजारच्या खळ्यांवरही मासळीच वाळते, तेथील माती निळी का न व्हावी? शिवदासांस पाचारण जाहले.

"कोरी माती कुठली हो, हवालदार?"

"बोरिवलीची. चौकीतल्या कुंडीतली."

"आणि खाडीपलीकडची?"

"साहेब, ओहोटी होती. होडी काठाला लागत नाही, गुडघाभर चिखल. एकदा खळ्याला जाऊन आलो ना! आणि माती ती माती, तिच्यात कोरी काय नि भरलेली काय?"

"वाट लावलीस रं मेल्या!" बाई वदल्या.

अनंतरावांचा फेरहुकूम आला की, निळे ते निळे, शनिवार उद्यावर आहे. पंतांनी एकवार पंख्याकडे पाहिले, एकवार टोपल्यांकडे, आणि मग लेखणी खाली ठेवून स्वतः खाडी उतरले, एक वहाण चिखलास अर्पण केली, आणि शेजारच्या खळ्याची माती घेऊन आले. तीही निळी.

मग निर्वाणीचे युद्ध मांडिले. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा लेप देऊन तळाशी तीन ठिपके दिले: एक खाणीतल्या दारूचा, दोन दोन्ही खळ्यांचे, आणि पट्टीचा तळ द्रावणात बुडविताच द्रावण लेपातून गड चढू लागले. ते वर पोहोचले, मग तेजाबाचा फवारा मारिला, आणि निळे डाग उमटले. दारूचा डाग थेट माचीपर्यंत चढलेला. खळ्यांचे क्षार पायथ्याशीच तळ देऊन बसलेले, बोटभर हलेनात. पंतांनी तीन वेळा पट्टी चालविली आणि तिन्ही वेळा तेच जाहले. 'दारू आढळली नाही' हा दाखला सोमवारी रवाना जाहला. खुर्ची तोवर दुसऱ्या परीक्षकास बहाल होऊन चुकली होती. परंतु मोहोर निघाली, खळ्यावर बोंबील वाळू लागले, ऐशी फत्ते जाहली.

मोहिमेची झीज कोणी सोसली, तो ताळा येणेंप्रमाणे. सोनूबाई: पाच दिवसांची मासळी, माडांच्या बुंध्याशी पुरली. शरच्चंद्रपंत: डाव्या पायाची वहाण, आणि साहेबांची मर्जी. हवालदार शिवदास: काही नाही. मोहोर काढण्याचे श्रमाबद्दल त्यांणी सुक्या जवळ्याचे पुडके मात्र नेले.